गलबल्यातला एक सूर

केशवसुत म्हटले की आपल्याला पहिली आठवते ती ‘तुतारी’. पाठ्यपुस्तकांतून, वक्तृत्व स्पर्धांतून आणि शाळेच्या स्नेहसंमेलनांतून ती इतक्या वेळा फुंकली गेली आहे की, हा कवी म्हणजे सदैव आवाज चढवून उभा असलेला कोणी पुढारी असावा, असा पुष्कळांचा समज होतो. प्रत्यक्षात कृष्णाजी केशव दामले हे अबोल, संकोची आणि एकलकोंडे गृहस्थ होते. बहुतेक आयुष्य त्यांनी तुटपुंज्या पगाराची मास्तरकी केली, पोटासाठी गाव बदलत राहिले आणि चाळिशी गाठण्याआधीच गेले. सभा गाजवणे, मंडळे काढणे हे त्यांच्या स्वभावातच नव्हते. त्यांचा स्वभाव होता तो ऐकण्याचा.

मी खेडचा. केशवसुतांचे भव्य स्मारक त्यांच्या मालगुंडला १९९४ साली उभे राहिले आणि गणपतीपुळ्याला जाणारी मंडळी तेथे आवर्जून थांबतात. आम्हा खेडकरांच्या वाट्याला त्यांच्या चरित्रातली एकच ओळ आली आहे. ती म्हणजे, त्यांचे प्राथमिक शिक्षण खेडला झाले. एवढ्याशा धाग्यावरून आपलेपणा वाटावा की नाही, हा प्रश्न निराळा. पण मला तो वाटतो खरा. गेली काही वर्षे त्यांची कविता मी कानांनी वाचू लागलो, आणि मग लक्षात आले की या कवीच्या अनेक महत्त्वाच्या कविता एखाद्या आवाजापासून सुरू होतात. कधी तो तुतारीचा असतो, कधी सतारीचा, कधी मुलींच्या खेळाचा, तर कधी नुसत्या वाऱ्याचा. त्याच सुमारास ऐकण्याच्या शास्त्रावरील काही लेखन वाचनात आले. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या, तर कवीचे आयुष्यही थोडे अधिक उलगडते आणि आपल्या घरातला एक दुखरा प्रश्नही.

आधी शास्त्राचा प्रश्न समजून घेऊ. आपण बाजारात उभे आहोत. भाजीवाली भाव सांगते आहे, मागे एसटीचा हॉर्न वाजतो आहे, शेजारी दोघे भांडताहेत, पलीकडे कोणाचा रेडिओ लागला आहे. हे सारे आवाज आपापल्या निराळ्या वाटेने कानापर्यंत येत नाहीत. हवेतच ते एकमेकांत मिसळतात आणि कानाच्या पडद्यावर पोहोचते ती त्या सर्वांची मिळून एकच थरथर. लाल, पिवळी, हिरवी, निळी रांगोळी एकाच ताटात ओतून हाताने कालवावी आणि मग कोणाला तरी सांगावे, आता या ढिगातून प्रत्येक रंग वेगळा काढून दे! हे काम आपला मेंदू जागेपणी क्षणोक्षणी करत असतो. भाजीवालीचा शब्द भाजीवालीला आणि हॉर्न एसटीला चिकटवून तो आपल्यापुढे नीट मांडलेला बाजार ठेवतो. आपल्याला वाटते, यात काय विशेष? ऐकू आले, झाले. पण यंत्राला हे काम शिकवायला निघालेल्या इंजिनिअरांची त्यापायी कित्येक वर्षे गेली.

या प्रश्नाचा पाया जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी घातला. स्वरांच्या संवेदनेवरचा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ १८६३ सालचा, म्हणजे केशवसुतांच्या जन्माच्या तीनच वर्षे आधीचा. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी सुमारे अडीच वेढ्यांची एक नळी असते. तिच्या तोंडाशी उंच, बारीक आवाज उमटतात आणि आतल्या टोकाला खालचे, भरीव आवाज. मिसळून आलेली थरथर हा शंख अशी पट्टीपट्टीने सुटी करतो आणि सुमारे साडेतीन हजार सूक्ष्म केशपेशी ती बातमी मज्जातंतूंवाटे मेंदूकडे पाठवतात. पण यात अजून रंग वेगळे झालेले नाहीत, फक्त रांगोळीचे कण सुटे झाले आहेत. कोणता कण कोणाचा, हे ठरवायचे काम पुढे मेंदूचे.

तेव्हा १८६६ साली मालगुंडला जन्मलेल्या या मुलाकडे वळू. वडील केशव विठ्ठल ऊर्फ केसोपंत दामले हे शिक्षक. पुढे प्रकृतीमुळे त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि दापोली तालुक्यातल्या वळणे या गावी विश्वनाथ नारायण मंडलिकांच्या खोतीची व्यवस्था पाहिली. खाणारी तोंडे अनेक आणि मिळकत बेताची, असा तो संसार होता. भावंडांपैकी मोरो केशव दामले पुढे मोठे व्याकरणकार झाले. त्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली प्रसिद्ध झाले आणि अभ्यासक अजून ते उघडतात. एका भावाने भाषेचा नाद ऐकला, दुसऱ्याने तिचे नियम ऐकले. शिक्षकाच्या घरात कान तयार होतात ते असे.

त्या काळचे खेड कसे ऐकू येत असेल, याची कल्पना मी पुष्कळदा करतो. आज आमच्याकडे भरणे नाक्यावरून महामार्गाची वाहतूक अखंड चालू असते आणि कोकण रेल्वेची गाडी शिटी देत जाते. दीडशे वर्षांपूर्वी यातले काही नव्हते. जगबुडी मात्र होती. ती पुढे वासिष्ठीला मिळते आणि दाभोळच्या खाडीने समुद्राला जाते. पावसाळ्यात कौलांवर आणि झापांवर कोसळणारा पाऊस होता, शिमग्याच्या पालखीपुढचा ढोल होता, खालूबाजातली सनई होती. आणि शाळा होती. त्या काळच्या अनेक शाळांत एकाच दालनात एकीकडे पाढे, दुसरीकडे वाचन आणि तिसरीकडे मोडीची उजळणी चाले. असल्या गोंगाटात बसून आपल्या पंतोजींचा शब्द तेवढा वेगळा काढायचा, हे त्या पिढीच्या मुलांचे पहिले शिक्षण असावे.

मूल हे करते कसे? मेंदूपाशी यासाठी काही ढोबळ अडाखे असतात. एकाच क्षणी सुरू झालेले आणि एकाच क्षणी थांबलेले कण एकाच आवाजाचे असणार, हा पहिला अडाखा. दुसरा अडाखा पटींचा. एखाद्या स्त्रीचा आवाज सेकंदाला दोनशे कंपनांचा असेल, तर त्यात चारशे, सहाशे, आठशे अशा पटींतली कंपनेही असतात. त्या पटी मेंदू एकत्र बांधतो आणि त्यात न बसणारी कंपने दुसऱ्या कोणाची तरी आहेत, असे ठरवतो. तिसरा अडाखा दिशेचा. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला किंचित आधी पोहोचतो. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, तरीही तो मेंदूला पुरतो. म्हणूनच शिमग्याच्या गदारोळात ढोल आणि सनई एकमेकांत कालवली जात नाहीत. ढोलाचा ठोका थांबतो आणि सनईचा सूर चालू राहतो, एवढ्यावरूनही मेंदू दोघांना ओळखतो. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातील अल्बर्ट ब्रेगमन यांनी या अडाख्यांचा जन्मभर अभ्यास केला आणि त्यांचा मोठा ग्रंथ १९९० साली प्रसिद्ध झाला.

केशवसुतांचे पुढचे शिक्षण म्हणजे एक वणवणच होती. खेडनंतर बडोदे, मग वर्धा, नागपूर आणि अखेर पुणे. विद्यार्थी असतानाच लग्न झाले होते. नागपूरला त्यांची नारायण वामन टिळकांशी ओळख झाली, तेव्हा टिळक रेव्हरंड व्हायचे होते. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून मॅट्रिक होईपर्यंत १८८९ साल उजाडले. म्हणजे वय तेवीस. पुण्याचे ते दिवस आगरकरांचे होते. ‘सुधारक’ नुकताच निघू लागला होता आणि समाजात मोठी वादळी चर्चा चालू होती. या चर्चेने केशवसुतांचे मन घडवले, हे पुढे त्यांच्या कवितेने दाखवून दिले. पण स्वतः ते चर्चेत फारसे दिसत नाहीत. बाजूला बसलेला, गप्प, चेहऱ्याने उदास वाटणारा असा हा विद्यार्थी होता. त्या चेहऱ्यावरून बोलणी खाण्याची वेळही त्यांच्यावर आली आणि त्यातूनच ‘दुर्मुखलेला’ ही कविता झाली, असे सांगतात.

कोकण सोडलेल्या माणसाच्या मनात कोकण कसे राहते, याचे उत्तर त्यांच्या ‘नैर्ऋत्येकडील वाऱ्यास’ या कवितेत आहे. देशावर राहणाऱ्या कवीला नैर्ऋत्येचा वारा लागतो आणि तो आपल्या घराकडून, आपल्या समुद्रावरून आला आहे, एवढ्या विचाराने त्याचे बालपण जागे होते. वाऱ्याच्या आवाजाला ना सूर ना पटी. शास्त्राच्या भाषेत तो निव्वळ गोंगाट. पण ऐकण्यात आठवणीचा वाटा केवढा असतो, हे इथे कळते. ओळखीचा आवाज गर्दीतून लवकर वेगळा काढता येतो, हे प्रयोगांनीही दिसले आहे. बरीच वर्षे संसार केलेल्या जोडप्यांवर कॅनडात एक प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. दोन आवाज एकदम ऐकवले असता त्यातला आपल्या जोडीदाराचा आवाज माणसे अनोळखी आवाजापेक्षा चांगला पकडू शकत होती. गमतीची गोष्ट अशी की, जोडीदाराच्या आवाजाकडे दुर्लक्ष करून दुसऱ्याचे ऐकायला सांगितले, तर तेही त्यांना चांगले जमत होते! अनेक घरांतल्या गृहिणींना यासाठी प्रयोगाची गरज भासणार नाही.

१८९० च्या सुमारास केशवसुत मुंबईला आले. शाळांतून किरकोळ पगाराच्या नोकऱ्या, शिकवण्या आणि भाड्याच्या जागा अशी त्यांची पाच-सहा वर्षे गेली. मुंबई तेव्हा गिरण्यांची झाली होती. घोड्यांच्या ट्रामगाड्या, भोंगे, बंदर आणि बाजार यांनी ती गजबजलेली होती. कोकणातून आलेल्या अबोल माणसाला त्या गलबल्यात आपला आवाज सापडणे कठीण. आणि नेमक्या तिथेच, १८९३ या एकाच वर्षी, त्यांनी ‘तुतारी’ आणि ‘झपूर्झा’ या दोन कविता लिहिल्या.

तुतारी हे वाद्य कशासाठी असते? मिरवणुकीत, देवळात, पूर्वी लढाईत, जिथे खूप आवाज आहेत तिथे सर्वांच्या वर ऐकू जावे म्हणून. धातूच्या नळीतून जोराने फुंकलेल्या सुरात वरच्या पटींची कंपने भरपूर असतात आणि माणसाचा कान साधारण दोन ते चार हजार कंपनांच्या टापूत सर्वांत तीक्ष्ण असतो. शिवाय तिची सुरुवात एकदम होते, त्यामुळे मेंदू चपापतो. ढोलांच्या घुमण्यात ती बुडत नाही. रूढींच्या झोपेत असलेल्या समाजाला जागे करण्यासाठी केशवसुतांना वाद्य निवडायचे होते आणि त्यांनी वीणा निवडली नाही, बासरी निवडली नाही. ज्याचा स्वतःचा आवाज हळू होता, त्या माणसाने गर्दीला चिरत जाणारे वाद्य मागितले. ही निवड कवीची तर होतीच, पण मला ती गर्दीत वर्षानुवर्षे ऐकत राहिलेल्या कानाचीही वाटते.

‘झपूर्झा’ची गोष्ट उलटी आहे. या शब्दाचा उगम मुलींच्या खेळात सांगतात. ‘जा पोरी जा’ हे शब्द फेर धरून भराभर म्हटले की ते एकमेकांत मिसळतात आणि त्यांतून झपूर्झा असा एकच नाद उरतो. आता पाहा, बोलणे ऐकताना शब्द सुटे करण्याचे कामही मेंदूचेच असते. बोलताना आपण दोन शब्दांमध्ये थांबत नाही. परकी भाषा ऐकताना सारे एका दमात बोलल्यासारखे वाटते, ते यामुळेच. वेग वाढला की मेंदूची ही मांडणी बदलते. जे सुटे होते ते जुळते आणि कधी जे जुळलेले होते ते सुटते. ब्रेगमन यांच्या प्रयोगांत उंच आणि खालचे सूर आळीपाळीने हळू वाजवले तर एकच चाल ऐकू येई. तेच भराभर वाजवले की उंच सुरांची एक आणि खालच्या सुरांची एक अशा दोन वेगळ्या धारा होत. फेरात धावणाऱ्या मुलींच्या तोंडचे शब्द असेच आपला अर्थ सोडून नुसता नाद झाले आणि कवीने तो नाद उचलून देहभान हरपण्याच्या अवस्थेला त्याचे नाव दिले. साऱ्या महाराष्ट्राने ऐकलेला हा खेळ. पण त्या गोंधळात एक नवा शब्द जन्मला आहे, हे ऐकले केशवसुतांनी.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. लोक शहर सोडून पळू लागले. केशवसुतही त्या लाटेत बाहेर पडले आणि खानदेशात गेले. आधी भडगाव, मग फैजपूर. दोन्ही गावे आज जळगाव जिल्ह्यात आहेत. पुन्हा मास्तरकी आणि पुन्हा परके गाव. घरी पत्नी आणि तीन मुली होत्या, हाती पैसा नव्हता. कविता ‘काव्यरत्नावली’, ‘करमणूक’ अशा नियतकालिकांतून छापून येत होत्या, पण स्वतःचा संग्रह नव्हता. खानदेशातल्या याच दिवसांत त्यांची ‘सतारीचे बोल’ लिहिली गेली. माझ्या मते ऐकण्यावर मराठीत यापेक्षा चांगले काही लिहिलेले नाही.

कवितेतली हकिकत साधी आहे. काळोखी रात्र, मनात दुःख. एक माणूस दिशा नसल्यासारखा रस्त्याने चालला आहे. वरचे तारेही त्याला दिसत नाहीत. एका खिडकीतून सतारीचे सूर येतात. प्रथम त्याला त्यांचा राग येतो, कारण त्याच्या मनःस्थितीला एखादे वादळ अधिक मानवले असते. पण पाय अडखळतात. तो तिथल्या ओट्यावर बसतो आणि ऐकू लागतो. डोळ्यांतून पाणी येते. हळूहळू त्याच सुरांत त्याला दिलासा सापडतो, मन मोठे होते आणि शेवटी तो शांत होऊन घरी जातो. कडव्याकडव्याच्या शेवटी सतारीचे तेच बोल परत येतात, पण दर वेळी ऐकणारा बदललेला असतो.

शास्त्राच्या बाजूने या कवितेकडे पाहिले, तर तिचा तपशील चोख आहे. रात्री गावाचा गोंगाट खाली बसतो, त्यामुळे बारीक आवाज झाकला जात नाही. जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार झाली असेल, तर आवाज वर न जाता खाली वळतो आणि दूरवर ऐकू येतो. नखीचा आघात तीक्ष्ण असतो, म्हणजे मेंदूचा पहिला अडाखा लगेच लागू पडतो. पण मला महत्त्वाची वाटते ती पुढची पायरी. सतार तीच आहे, वाजवणाराही तोच आहे. तरी आधी जो नकोसा गलका होता, तोच मग आधार होतो. बदल कानात झालेला नाही, लक्षात झाला आहे.

या लक्षाचा अभ्यास केशवसुतांनंतर जवळजवळ अर्धशतकाने सुरू झाला. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील कॉलिन चेरी यांनी १९५३ साली माणसांच्या दोन कानांत दोन निरनिराळी भाषणे ऐकवली आणि त्यातले एक मोठ्याने म्हणत जायला सांगितले. ते काम लोकांना जमले. पण दुसऱ्या कानात काय चालले होते, याचा त्यांना पत्ताच नव्हता. तिकडे भाषा बदलली तरी कळले नाही. फक्त पुरुषाच्या जागी स्त्रीचा आवाज आला किंवा नुसता सूर वाजला, तर तेवढे लक्षात आले. चेरी यांनी याला मेजवानीच्या गर्दीवरून ‘कॉकटेल पार्टी’चा प्रश्न असे नाव दिले. आपण त्याला लग्नघरातला प्रश्न म्हणू. १९५९ साली नेव्हिल मोरे यांनी दाखवले की, न ऐकलेल्या त्या बाजूला स्वतःचे नाव उच्चारले गेले, तर काही जणांचे कान टवकारतात. आणि २०१२ साली कॅलिफोर्नियातील नीमा मेसगरानी आणि एडवर्ड चँग यांनी, अपस्माराच्या शस्त्रक्रियेसाठी मेंदूवर इलेक्ट्रोड बसवलेल्या रुग्णांना दोन आवाज एकदम ऐकवले, तेव्हा मेंदूच्या नोंदींत ठळक उमटला तो रुग्णाने लक्ष दिलेला आवाज. दुसरा जवळजवळ पुसला गेला होता. म्हणजे कान दार उघडे ठेवतो, पण आत कोणाला घ्यायचे ते मन ठरवते. ओट्यावर बसलेल्या त्या माणसाने नेमके हेच केले होते.

यानंतर केशवसुतांच्या आयुष्यात फार थोडे दिवस उरले होते. १९०४ साली ते धारवाडच्या हायस्कुलात मराठीचे शिक्षक म्हणून गेले. जरा स्थैर्य आले असे वाटत होते. १९०५ च्या नोव्हेंबरात ते हुबळीला नातलगांकडे गेले असता ज्या प्लेगने त्यांना मुंबईतून बाहेर काढले होते, त्यानेच तिथे गाठले. ७ नोव्हेंबरला त्यांचा मृत्यू झाला. काही दिवसांतच पत्नीही गेली. तीन मुली पोरक्या झाल्या. हरि नारायण आपटे यांनी त्यांची कविता पुस्तकरूपाने काढली ती १९१७ साली, म्हणजे आपला संग्रह हातात धरण्याचे सुख या कवीला मिळाले नाही. सगळ्या मिळून कविता सव्वाशेच्या थोड्या वर. पण बालकवी आणि गोविंदाग्रज यांनी स्वतःला त्यांचे वारसदार मानले आणि मराठी कवितेचा नवा काळ त्यांच्यापासून मोजला जाऊ लागला. जिवंतपणी ज्यांचा आवाज थोड्यांनाच ऐकू गेला, तो नंतरच्या पिढ्यांनी गर्दीतून वेगळा काढला.

आता घरातला प्रश्न. गणपतीत आमच्याकडे कोकणातल्या कुठल्याही घरासारखे घर भरते. मुंबईहून मंडळी येतात, स्वयंपाकघरात मिक्सर, ओटीवर पत्ते, अंगणात पोरे, शेजारच्या वाडीत जाखडीची ढोलकी आणि सर्वांवर कडी म्हणून टीव्ही. माझी आई शेवटच्या काही वर्षांत अशा वेळी माजघराच्या कोपऱ्यात जाऊन बसू लागली. एकटीशी बोलले की तिला सगळे समजे. चारचौघांत मात्र ती नुसती हसून मान डोलवी. आवाज येतो, पण शब्द लागत नाही, असे तिचे म्हणणे होते. घरात कोणी म्हणे, हिला हवे तेवढे बरे ऐकू येते. कोणी तिच्या कानाशी ओरडे.

कानाच्या डॉक्टरांनी समजावले ते असे. वय वाढते तसे शंखाच्या तोंडाकडचे, उंच आवाजाचे टोक आधी झिजते. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येतात. पण स, श, च, त, फ यांसारखी व्यंजने उंच आणि दुबळी असतात, ती हरवतात. शब्दाचा सांगाडा व्यंजनांचा असल्यामुळे आवाज उरतो आणि अर्थ जातो. शिवाय वेळेतले जे बारीक फरक पाहून मेंदू आवाज वेगळे काढतो, ते मज्जातंतूंकडून पूर्वीइतके नेमके पोहोचत नाहीत. म्हणजे रांगोळीच्या ताटातले काही रंगच फिके होतात आणि उरलेले निवडणाऱ्याची नजरही मंदावते. ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजने तशीच राहतात, आणि वर चेहरा रागावलेला दिसतो. कानाचे यंत्र मदत करते, पण आजूबाजूचा गलकाही ते थोडाबहुत वाढवतेच. त्याची सवय व्हायला आठवडे जातात आणि दोन दिवस लावून कपाटात ठेवले, तर काहीच उपयोग होत नाही.

उपाय आमच्या घरातल्या धाकट्या सुनेने काढला. जेवणाच्या वेळी टीव्ही बंद. आजीची जागा कोपऱ्यातून काढून भिंतीला पाठ लागेल अशी, म्हणजे मागून येणारा गलका कमी. बोलणाऱ्याने समोर बसायचे, तोंडावर उजेड हवा, कारण ओठ दिसले की अर्धे काम डोळे करतात. आधी हाक मारायची, तिने पाहिले की मगच बोलायचे. एका वेळी एकानेच, आणि जोरात नव्हे तर सावकाश. यात खर्च एका पैशाचा नव्हता. त्या वर्षी आरतीनंतर आई बऱ्याच दिवसांनी पंगतीत बसून बोलली, आणि नातवंडांना कळले की आजीपाशी अजून पुष्कळ गोष्टी आहेत.

ज्यांच्या घरी असे कोणी आहे, त्यांनी हा प्रयोग करून पाहावा. म्हातारे माणूस गप्प झाले की ते विरक्त झाले, असे आपण समजतो. पुष्कळदा ते विरक्त नसते, फक्त गलबल्यात एकटे पडलेले असते. मन लावले तरी शब्द सुटा होत नाही आणि पुन्हा पुन्हा विचारण्याची लाज वाटते, म्हणून ते मान डोलवते.

केशवसुतांच्या कवितेतला तो माणूस रस्त्याने तसाच पुढे गेला असता, तर सतार वाजतच राहिली असती आणि त्याला ती कधीच ऐकू आली नसती. तो थांबला आणि ओट्यावर बसला. आपल्याकडे ओटे कमी झाले आहेत, पण कोणाजवळ तरी दहा मिनिटे बसण्यासाठी खुर्चीसुद्धा चालते.